विज्ञानपटांचे संकल्पचित्रकार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विज्ञानपटातले अवकाशयान, परग्रहावरचे शहर किंवा यंत्रमानव आपल्याला चित्रपटगृहात दिसतो, त्याच्या कितीतरी आधी तो एखाद्या संकल्पचित्रकाराने, म्हणजेच कन्सेप्ट आर्टिस्टने, रेखाटलेला असतो. या कामाविषयी विद्यार्थी, पालक आणि चित्रपटप्रेमी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

संकल्पचित्रकार नेमके काय करतो?

पटकथेत एवढेच लिहिलेले असते की यान धुळीच्या वादळातून खाली उतरते. ते यान केवढे आहे, नवेकोरे आहे की वापरून झिजलेले, त्याचा दरवाजा कोणत्या बाजूला उघडतो, उतरताना धूळ कोणत्या दिशेला उडते, यांपैकी कशाचाही उल्लेख पटकथाकार करत नाही आणि त्याने तो करावा अशी अपेक्षाही नसते. दिग्दर्शक, कलाविभाग, सेट उभारणारे सुतार, वेशभूषाकार आणि व्हीएफएक्सचा, म्हणजे संगणकीय दृश्यपरिणामांचा, चमू या सर्वांना मात्र या प्रश्नांची उत्तरे लागतात, आणि प्रत्येकाच्या मनातले उत्तर वेगळे असून चालत नाही. संकल्पचित्रकार ही उत्तरे चित्रातून मांडतो. अंतिम निर्णय दिग्दर्शक आणि प्रॉडक्शन डिझायनर, म्हणजे चित्रपटाचे एकूण दृश्यरूप ठरवणारा कलाविभागाचा प्रमुख, घेतात. निर्णय घेता येईल असे काहीतरी त्यांच्यासमोर ठेवणे ही चित्रकाराची जबाबदारी असते. म्हणून संकल्पचित्र हे भिंतीवर लावण्यासाठी काढलेले चित्र नव्हे. पुढे इतरांनी काय घडवायचे याविषयीचा तो प्रस्ताव असतो, आणि असे बहुतेक प्रस्ताव फेटाळले जातात, यात कोणालाही काही वावगे वाटत नाही.

स्टोरीबोर्ड, मॅट पेंटिंग आणि पोस्टर यांहून हे काम वेगळे कसे?

स्टोरीबोर्डमध्ये घटनांचा क्रम आणि कॅमेऱ्याची जागा ठरते. तेथे यान चार रेषांत दाखवले तरी भागते. मॅट पेंटिंग, म्हणजे दृश्यात जोडलेली रंगवलेली पार्श्वभूमी, प्रत्यक्ष पडद्यावर दिसते, म्हणजे ते चित्रपटाचाच भाग असते. पोस्टर चित्रपट तयार झाल्यावर प्रेक्षकांसाठी काढले जाते. संकल्पचित्र यांपैकी काहीच नसते, कारण ते निर्मितीच्या आत फिरते आणि प्रेक्षकाने ते पाहिलेच पाहिजे असे नसते. एकच माणूस यांतली दोन-तीन कामे करतो, असेही पुष्कळदा घडते.

चित्रपटाच्या कोणत्या टप्प्यावर त्याची गरज पडते?

मुख्यतः चित्रीकरणाच्या आधी, पूर्वतयारीच्या काळात. परंतु कधी कधी निर्मितीला मंजुरी मिळण्याच्याही आधी चित्रे काढून घेतली जातात, कारण ज्या जगाची कोणीच कल्पना केलेली नाही त्यावर पैसे लावण्यास निर्माता केवळ पटकथा वाचून तयार होत नाही. चित्रीकरण संपल्यावरही काम सुरू राहू शकते. संकलनात एखादा प्रसंग बदलला की व्हीएफएक्सच्या चमूला नवी पार्श्वभूमी लागते, आणि ती कशी असावी हे पुन्हा चित्र काढूनच ठरवावे लागते.

एखादी संकल्पना कोऱ्या कागदापासून सेटपर्यंत कशी पोहोचते?

एक साधे उदाहरण घेऊ: यानाच्या एअरलॉकचे, म्हणजे हवा न गमावता बाहेर पडण्यासाठी असलेल्या बंदिस्त कक्षाचे, दार. पटकथेत ‘ती दार उघडून बाहेर पडते’ एवढाच उल्लेख आहे. अनुभवी चित्रकार लगेच पेन्सिल उचलत नाही. तो आधी विचारतो की हे दार घाईत उघडले जाते की सावकाश, ते उघडल्यावर तिच्या मनात भीती आहे की सुटकेची भावना, आणि हेच दार पुढे कोणाच्या मृत्यूला कारण ठरणार आहे का. त्यानंतर संदर्भ गोळा होतात. पाणबुडीची झडप, बँकेच्या तिजोरीचे दार आणि प्रवासी विमानाचा दरवाजा या तिन्हींत शिकण्यासारखे काहीतरी असते. विमानाचा दरवाजा बहुधा आतल्या बाजूने चौकटीपेक्षा किंचित मोठा असतो, त्यामुळे केबिनमधला हवेचा दाबच त्याला चौकटीत घट्ट बसवून ठेवतो आणि उड्डाण चालू असताना तो कोणालाही उघडता येत नाही. ही माहिती प्रेक्षकाला कधीच सांगितली जाणार नाही. तरी ज्याला ती ठाऊक आहे त्याने काढलेले दार वजनदार आणि खरे वाटते.

मग अंगठ्याएवढी लहान रेखाचित्रे, ज्यांना सर्वजण थंबनेल म्हणतात, भराभर काढली जातात. त्यांत रंग नसतो. काळा, करडा आणि पांढरा एवढ्यांवरच भागवले जाते. इतक्या लहान आकारात जी आकृती चटकन ओळखू येत नाही, ती मोठ्या पडद्यावर दोन सेकंदांत ओळखू येण्याची शक्यता कमीच. दिग्दर्शक त्यांतल्या दोन-तीन निवडतो. निवडलेल्या आकृतीचे साधे त्रिमितीय प्रारूप संगणकावर उभे केले जाते आणि त्याच्या शेजारी स्पेससूट घातलेली मानवी आकृती ठेवली जाते. बऱ्याच सुंदर दारांचा निकाल येथेच लागतो, कारण शिरस्त्राण आणि पाठीवरची प्राणवायूची पेटी यांसह अभिनेत्री त्यातून जाऊच शकत नाही.

जे दार उरते त्यावर रंगकाम होते. मुठीभोवतीचा पिवळा रंग हातमोज्यांच्या घर्षणाने उडालेला, उंबरठ्याची कड बुटांनी घासून चकचकीत झालेली, सूचनेच्या पट्टीचा एक कोपरा सुटलेला, असे तपशील या टप्प्यावर येतात. त्यानंतर समोरून, बाजूने आणि वरून दिसणारी मोजमापांची रेखाटने सेट डिझायनरकडे जातात. तेथेही सारे संपत नाही. दार आत उघडल्यास ते अभिनेत्रीचा चेहरा कॅमेऱ्यापासून झाकते, असे तालमीत लक्षात येते आणि बिजागरी दुसऱ्या बाजूला न्यावी लागते. दाबाचे भौतिकशास्त्र आणि कॅमेऱ्याची सोय यांत भांडण लागले, तर जिंकतो तो कॅमेरा.

हा व्यवसाय केव्हा सुरू झाला?

पदनाम अलीकडचे असले तरी काम जुने आहे. फ्रिट्झ लांग यांच्या १९२७ च्या ‘मेट्रोपोलिस’ या जर्मन मूकपटासाठी ओटो हुंटे आणि एरिख केटलहुट यांनी उंच इमारती आणि त्यांच्यामधून धावणारे रस्ते यांची जी चित्रे काढली, ती आजच्या अर्थाने संकल्पचित्रेच होती. अमेरिकेत चेस्ली बोनस्टेल हे वास्तुरेखाटनाच्या क्षेत्रातून आलेले चित्रकार १९४४ मध्ये ‘लाइफ’ नियतकालिकात छापल्या गेलेल्या शनीच्या चित्रमालिकेमुळे प्रसिद्ध झाले. शनीच्या वेगवेगळ्या उपग्रहांवर उभे राहिल्यास तो ग्रह कसा दिसेल, हे त्यांनी कोन आणि अंतरे यांचा हिशेब करून दाखवले होते. १९५० च्या ‘डेस्टिनेशन मून’साठी चंद्राचा पृष्ठभाग त्यांनीच रंगवला. पुढे १९६८ च्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’साठी दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक यांनी हॅरी लांगे यांना घेतले, ते मुळात अमेरिकेच्या अवकाश कार्यक्रमासाठी चित्रे काढत असत. या क्षेत्रातले सुरुवातीचे बरेचसे लोक चित्रपटसृष्टीबाहेरून आले.

राल्फ मॅक्वॉरी यांचे नाव सतत का घेतले जाते?

कारण एका चित्रकाराच्या चित्रांनी चित्रपटाचे भवितव्य कसे बदलते याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही. १९२९ मध्ये जन्मलेले मॅक्वॉरी बोइंग कंपनीत तांत्रिक रेखाटने करत असत, आणि अपोलो मोहिमांच्या वार्तांकनासाठी सीबीएस वाहिनीवर दाखवल्या जाणाऱ्या अ‍ॅनिमेशनवरही त्यांनी काम केले होते. जॉर्ज लुकास यांनी त्यांच्याकडून ‘स्टार वॉर्स’ची चित्रे करून घेतली तेव्हा त्यांचे वय पंचेचाळीसच्या आसपास होते. ही चित्रे दाखवल्यामुळे ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सच्या अधिकाऱ्यांना लुकास नेमके काय सांगत आहेत ते समजले. सोनेरी यंत्रमानवाच्या पहिल्या चित्रावर ‘मेट्रोपोलिस’मधल्या यंत्रस्त्रीची छाप उघड दिसते.

त्याहून बोलका आहे तो खलनायकाच्या मुखवट्याचा किस्सा. पटकथेच्या त्या वेळच्या खर्ड्यात डार्थ व्हेडर एका यानातून दुसऱ्या यानात जाताना मोकळ्या अवकाशातून जातो असे होते. मग तो श्वास कसा घेणार, असा साधा प्रश्न मॅक्वॉरी यांना पडला आणि त्यांनी त्याला श्वसनाचा मुखवटा दिला. कथेतला तो प्रसंग पुढे बदलला. मुखवटा राहिला, आणि त्याच्याबरोबर तो घोरल्यासारखा श्वासही त्या पात्राची ओळख बनून बसला. चित्रकाराने एका व्यावहारिक अडचणीवर शोधलेला उपाय कथानकाचा कणा होऊ शकतो, हे यातून दिसते. विद्यार्थ्यांनी त्यांच्या रंगछटांची नक्कल करण्यापेक्षा हा प्रश्न विचारण्याची सवय उचलली तर अधिक बरे.

वैज्ञानिक अचूकता कितपत सांभाळावी लागते?

हे चित्रपटावर अवलंबून असते; परंतु नियम मोडायचा असेल तर तो आधी माहीत असावा. फिरत्या यानात कृत्रिम गुरुत्व निर्माण करण्याचे उदाहरण पाहा. चाकाची त्रिज्या सुमारे २२४ मीटर असेल, तर मिनिटाला दोन फेऱ्यांत कडेवर पृथ्वीइतके गुरुत्व जाणवते. ‘२००१’साठी विकर्स-आर्मस्ट्राँग कंपनीने बांधलेला फिरता सेट मात्र सुमारे १२ मीटर व्यासाचा होता. तेवढ्याच आकाराच्या खऱ्या चाकात पृथ्वीइतके गुरुत्व हवे असेल, तर ते मिनिटाला बारा फेऱ्यांच्या वेगाने फिरवावे लागेल, आणि आत राहणाऱ्यांना भोवळ येईल. चित्रपटात ते संथपणे फिरते आणि कोणीही तक्रार करत नाही. त्याच यानाच्या आराखड्यात सुरुवातीला उष्णता बाहेर टाकणारे पंखांसारखे मोठे सपाट पृष्ठभाग होते. निर्वात पोकळीत उष्णता केवळ प्रारणानेच बाहेर जाऊ शकते, म्हणून अणुभट्टीवर चालणाऱ्या यानाला असे मोठे पृष्ठभाग लागतातच. पण प्रेक्षक त्यांना विमानाचे पंख समजतील या शंकेने ते काढून टाकण्यात आले. शास्त्रदृष्ट्या बरोबर असलेली गोष्ट डोळ्यांना चुकीची वाटली, तर कधी कधी असा निर्णय घ्यावा लागतो, आणि माझ्या मते तो निर्णय त्या वेळी योग्यच होता. आजच्या प्रेक्षकाने अवकाश स्थानकाची छायाचित्रे पुष्कळ पाहिलेली आहेत, त्यामुळे तेच पृष्ठभाग आता खुशाल ठेवता येतील.

परग्रहावरचे प्राणी कसे सुचतात?

बहुतेक वेळा पृथ्वीवरच्या प्राण्यांचा कसून अभ्यास करून. सांधे कोठे वाकतात, वजन कोणत्या पायावर येते, प्राणी काय खातो आणि त्यासाठी त्याचा जबडा कसा असावा, हे प्रश्न सुटल्याशिवाय काढलेला जीव रबरी बाहुल्यासारखा दिसतो. याला मोठा अपवाद स्वित्झर्लंडचे एच. आर. गीगर यांचा. हाडे, नळ्या आणि यंत्रांचे भाग एकमेकांत विरघळलेली त्यांची एअरब्रशने केलेली चित्रे चित्रपटासाठी नव्हतीच. १९७६ मधले त्यांचे ‘नेक्रोनॉम ४’ हे चित्र दिग्दर्शक रिडली स्कॉट यांनी एका संग्रहात पाहिले आणि १९७९ च्या ‘एलियन’मधला प्राणी त्यावरून घडवण्यात आला. चमूतल्या इतरांसह गीगर यांना त्यासाठी दृश्यपरिणामांचे ऑस्कर मिळाले.

‘एलियन’मध्ये कामाची जी वाटणी झाली तीही लक्षात घेण्याजोगी आहे. माणसांच्या यानाचे अंतरंग मुख्यतः रॉन कॉब यांच्याकडे होते आणि परके जग गीगर यांच्याकडे. कॉब यांची पद्धत अभियंत्याची; दारांवर आणि भिंतींवर लावायची धोक्याची, दाबाची, गुरुत्वाची चिन्हे त्यांनी एखाद्या खऱ्या कारखान्यात असावीत तशी एकसारख्या चौकोनांत आखून दिली होती. त्यामुळे चित्रपटातली माणसे परक्या यानात शिरतात तेव्हा भिंती वेगळ्याच हाताने घडवल्या आहेत हे कोणी न सांगताही कळते. दोन्ही भाग एकाच चित्रकाराकडे दिले असते तर हा परकेपणा इतक्या तीव्रतेने जाणवला असता का, याविषयी मला शंका आहे.

भविष्यातले जग इतके जुनाट आणि मळके का दाखवतात?

कारण खरी शहरे एकाच दिवशी बांधली जात नाहीत. सिड मीड यांनी १९८२ च्या ‘ब्लेड रनर’साठी हा विचार फार बारकाईने केला. त्यांना मुळात केवळ वाहने रेखाटण्यासाठी बोलावले होते. परंतु त्यांनी वाहनाभोवती रस्ता, पाऊस, माणसे आणि इमारती काढून दिल्या, आणि त्या पाहून रिडली स्कॉट यांनी त्यांच्याकडे शहराचेही काम सोपवले. जुन्या इमारती न पाडता त्यांच्यावर बाहेरून वातानुकूलनाच्या नळ्या, वीजवाहिन्या आणि पाइप चढवत नेले तर काही दशकांनी रस्ता कसा दिसेल, हे त्या चित्रांत आहे. मीड यांनी फोर्ड कंपनीत मोटारींच्या भावी नमुन्यांवर काम केले होते, त्यामुळे ते ज्या वस्तू काढत त्या कारखान्यात तयार होऊ शकतील अशाच वाटत.

हाच परिणाम नंतर इतक्या जणांनी उचलला की पाऊस, निऑन दिवे आणि वाफ सोडणाऱ्या जाळ्या आता आयत्या मिळणाऱ्या झाल्या आहेत. उत्तर आयते मिळाले की प्रश्न विचारला जात नाही. त्या शहरात पाऊस का पडतो आणि तेथील माणसे कोठे झोपतात, हे सांगता येत नसेल तर नुसत्या निऑनने काही साधत नाही.

कोणती साधने वापरली जातात?

पूर्वी गुआश (अपारदर्शक जलरंग), अ‍ॅक्रिलिक, मार्कर आणि एअरब्रश. मीड गुआशमध्ये काम करत. एक चित्र पूर्ण व्हायला काही दिवस लागत आणि त्यात मोठा बदल करायचा तर बहुधा नवा कागदच घ्यावा लागे. १९९० मध्ये फोटोशॉप बाजारात आले. ते घडवणाऱ्या दोन भावांपैकी जॉन नोल हे इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या दृश्यपरिणामांच्या कंपनीत काम करत होते, त्यामुळे हे साधन जन्मापासूनच चित्रपटाच्या अंगणात होते असे म्हणायला हरकत नाही. आज डिजिटल पेन आणि टॅब्लेट हे पायाभूत साधन आहे. प्राणी घडवण्यासाठी झीब्रश, वास्तू आणि यानांसाठी ब्लेंडर किंवा माया, आणि दिग्दर्शकाला सेटमध्ये आभासी फेरफटका मारता यावा यासाठी अनरियल इंजिन वापरले जाते.

दोन पद्धतींची नावे कानावर येतील. फोटोबॅशिंगमध्ये छायाचित्रांचे तुकडे जोडून त्यांवर रंगकाम करतात. किटबॅशिंगचा उगम संगणकाच्या आधीचा आहे: रणगाडे, जहाजे आणि विमानांच्या प्लास्टिकच्या खेळण्यांचे सुटे भाग यानांच्या प्रतिकृतींवर चिकटवून कारागीर पृष्ठभाग गुंतागुंतीचा करत असत. आता तेच त्रिमितीय तुकड्यांच्या संग्रहातून केले जाते. दोन्ही पद्धतींनी वेग वाढतो. मात्र मुळातली आकृती दुबळी असेल तर वरचे तपशील तिला वाचवू शकत नाहीत.

यासाठी कोणते शिक्षण लागते?

ठरावीक पदवीची अट नाही. मीड यांनी लॉस एंजेलिसच्या आर्ट सेंटरमधून १९५९ मध्ये शिक्षण पूर्ण केले होते, तर रॉन कॉब यांनी कलेचे औपचारिक शिक्षण घेतले नव्हते आणि ते अनेक वर्षे राजकीय व्यंगचित्रे काढत होते. आज औद्योगिक रचना, वास्तुशास्त्र, उपयोजित कला किंवा अ‍ॅनिमेशन यांपैकी कोणत्याही वाटेने येथे पोहोचता येते. यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह), छायाप्रकाश, शरीररचना आणि रंगांचे नाते या चार गोष्टी मात्र कोठेतरी, कोणाकडून तरी, पक्क्या शिकलेल्या असाव्यात. सॉफ्टवेअर काही महिन्यांत हाताळता येते. यथार्थदर्शन कच्चे राहिले तर ते पुढची कित्येक वर्षे प्रत्येक चित्रात उघडे पडते.

पोर्टफोलिओमध्ये काय असावे?

कमी चित्रे आणि अधिक विचार. नवखे उमेदवार ढगांच्या पार्श्वभूमीवर उभा असलेला एकाकी योद्धा, प्रचंड गोल ग्रह आणि त्याखाली एक छोटीशी मानवी आकृती अशी चित्रे भरपूर ठेवतात. ती देखणी असतात आणि निवड करणाऱ्याने ती शेकडो वेळा पाहिलेली असतात. त्यापेक्षा एकच विषय घ्यावा, उदाहरणार्थ खाणकाम करणारे एखादे वाहन, आणि त्याची सुरुवातीची थंबनेल, फेटाळलेले पर्याय, निवडलेली आकृती, आतला भाग, चालकाची बैठक, मोजमापे आणि शेवटी ते वाहन काम करताना दिसेल असे एक पूर्ण चित्र, अशी सलग मांडणी करावी. दुसऱ्याच्या सूचनेवरून तुम्ही काम बदलू शकता हे त्यातून दिसते, आणि कलाविभागाचा प्रमुख नेमके तेच शोधत असतो. इतरांची त्रिमितीय प्रारूपे किंवा छायाचित्रे वापरली असतील तर तसे नमूद करावे.

रोजचे काम कसे असते?

बहुतेक चित्रकार एका चित्रपटापुरते करारावर असतात. काही काही स्टुडिओंत कायम नोकरीही असते. एखाद्या चित्रपटावर काही आठवडे, दुसऱ्यावर वर्षभर, आणि मध्ये रिकामा काळ, असे हे आयुष्य असते. दिवसाचा मोठा भाग चित्र काढण्यात जातो हे खरे, पण संदर्भ शोधणे, बैठकीत बसणे आणि काल मंजूर झालेले आज का नको आहे हे शांतपणे समजून घेणे यांतही बराच वेळ जातो. ‘जरा अजून भयानक करा’ अशा सूचनेचा अर्थ लावणे हेही कौशल्यच आहे. सूचना देणाऱ्याला कधी रंग गडद हवा असतो, कधी आकार मोठा, आणि कधी तर मुळात कॅमेऱ्याचा कोनच खटकत असतो. मनगट, मान आणि डोळे यांच्या तक्रारी या व्यवसायात सर्रास आढळतात, त्यामुळे बैठक आणि विश्रांती यांकडे पहिल्या दिवसापासून लक्ष द्यावे.

काढलेल्या चित्रांची मालकी कोणाची असते?

मोठ्या चित्रपटांत जवळजवळ नेहमीच निर्मिती कंपनीची. करारातच तसे लिहिलेले असते, आणि सोबत गोपनीयतेची अटही असते, त्यामुळे चित्रपट प्रदर्शित होऊन परवानगी मिळेपर्यंत चित्रकार आपलेच काम कोणाला दाखवू शकत नाही. नोकरीच्या शोधात असलेल्या माणसासाठी ही अट जाचक ठरते: दोन वर्षांचे सर्वोत्तम काम कुलूपबंद असते. म्हणूनच अनुभवी लोक स्वतःचे स्वतंत्र प्रकल्प सतत चालू ठेवतात. चित्रे कधी आणि किती दाखवता येतील, हे सही करण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

फेटाळलेल्या चित्रांचे पुढे काय होते?

बहुतेक संग्रहात पडून राहतात, काही पुस्तकांत छापली जातात आणि क्वचित एखादे पुन्हा जिवंत होते. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टार वॉर्स रेबेल्स’ या मालिकेतले झेब हे पात्र मॅक्वॉरी यांनी ‘स्टार वॉर्स’मधल्या चुबाका या केसाळ पात्रासाठी केलेल्या जुन्या रेखाटनांवरून घेतले आहे. म्हणजे सुमारे चार दशकांपूर्वी बाजूला ठेवलेली आकृती दुसऱ्याच पात्राच्या रूपाने कामाला आली.

पुरस्कार आणि श्रेयनामावलीत या कलाकारांना स्थान मिळते का?

ऑस्करमध्ये त्यांच्यासाठी वेगळा विभाग नाही. प्रॉडक्शन डिझाइनचा पुरस्कार प्रॉडक्शन डिझायनर आणि सेट डेकोरेटर यांना दिला जातो. मॅक्वॉरी यांनाही ऑस्कर मिळाले ते १९८५ च्या ‘ककून’च्या दृश्यपरिणामांसाठी, चमूतील इतरांसह. श्रेयनामावलीत नाव येते, पण ते प्रेक्षक उठून जाऊ लागल्यानंतर. एखादे यान अमुक एका चित्रकाराचे, असे म्हणणे बहुधा अर्धसत्य असते, कारण त्यावर अनेक हात फिरलेले असतात. तरीही मूळ आकृती ज्याच्या हातून उतरली त्याचे नाव प्रसिद्धीच्या साहित्यात घ्यायला काही हरकत नसावी, आणि ते अजूनही पुरेसे घेतले जात नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे हा व्यवसाय संपेल का?

२०२२ पासून शब्दांवरून चित्रे तयार करणारी साधने सर्वांच्या हाती आली आणि त्याचा पहिला फटका बसलेल्यांत संकल्पचित्रकार होते. त्यांचा आक्षेप केवळ रोजगाराचा नाही. आपली चित्रे विनापरवानगी आणि विनामोबदला या प्रणालींच्या प्रशिक्षणासाठी वापरली गेली, हा मुख्य मुद्दा आहे. चित्रपटांसाठी काम करणाऱ्या कार्ला ऑर्टिझ यांनी इतर दोन चित्रकारांसह जानेवारी २०२३ मध्ये स्टॅबिलिटी एआय, मिडजर्नी आणि डेव्हियंटआर्ट या कंपन्यांविरुद्ध कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयात दावा दाखल केला, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे साक्षही दिली. मानवी कर्तृत्वाशिवाय केवळ यंत्राने तयार केलेल्या चित्राला स्वामित्वहक्क मिळत नाही, अशी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाची भूमिका आहे, त्यामुळे आपल्या खलनायकाचा चेहरा अशा साधनातून घेताना निर्मिती कंपन्यांनाही दोनदा विचार करावा लागतो.

कामाच्या दृष्टीने पाहिले तर अडचण वेगळीच आहे. यंत्र पहिल्याच मिनिटाला पूर्ण झाल्यासारखे दिसणारे चित्र देते, आणि ते इतके चकचकीत असते की बैठकीतले लोक त्यातल्या प्रकाशाच्याच प्रेमात पडतात. दाराची बिजागरी कोठे आहे, तेच दार आतून कसे दिसेल, ते सुताराने कशाचे बनवायचे, हे विचारले की उत्तर मिळत नाही. प्राथमिक कल्पनाचित्रांचे, म्हणजे केवळ वातावरण सुचवणाऱ्या चित्रांचे काम कमी होत आहे, हे मान्य करायला हवे, आणि नवोदितांना पहिली संधी नेमकी तेथेच मिळत असे. ही हानी खरी आहे. बांधकामापर्यंत नेता येईल असा विचार करणाऱ्यांची गरज मात्र कलाविभागाला अजून आहे.

मूळ चित्रे कोठे पाहता येतात?

गीगर यांचे संग्रहालय स्वित्झर्लंडमधल्या ग्रुयेर येथे १९९८ पासून आहे. अनेक मोठ्या विज्ञानपटांबरोबर संकल्पचित्रांची पुस्तके प्रकाशित होतात. ती घेताना केवळ अंतिम चित्रे छापलेली पुस्तके टाळून थंबनेल आणि फेटाळलेले पर्याय दिलेली निवडावीत. अलीकडच्या चित्रांच्या बाबतीत ‘मूळ प्रत’ अशी काही नसतेच, केवळ अनेक थरांची फाइल असते, आणि ती बहुधा स्टुडिओच्या संग्रहातच राहते.